बाथरूमचं माप नेमकं कसं घ्यायचं?

प्रश्न : कर्वेनगरला आमचा नव्वदच्या दशकातल्या बिल्डिंगमधला टू बीएचके आहे, तिसरा मजला. बाथरूम नवीन करायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो व्हॉट्सॲपवर माप पाठवा, लगेच कोटेशन देतो. मी मोजलं तर साडेसहा बाय चार आलं, मुलगा म्हणतो साडेसहाला इंचभर कमी, प्लंबरने तिसरंच सांगितलं. कमोड बदलायचाय, काचेचं पार्टिशन टाकायचंय, आणि तोडफोड नको म्हणून जुन्या टाइल्सवरच नव्या लावायचा विचार आहे. कोणाचं माप धरायचं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण तिघांनी टेप वेगवेगळ्या जागी धरला असणार. त्या काळातल्या फ्लॅटमधली बाथरूम क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतात, भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, नसतात, खाली साडेसहा फूट आणि वर इंचभर कमी हे सर्रास दिसतं. म्हणून प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा, फरशीजवळ, कमरेएवढ्या उंचीवर आणि डोक्याच्या वर, आणि समोरासमोरच्या दोन भिंती सारख्याच असतील असं धरू नका, चारही वेगळ्या मोजा. मग दोन्ही कर्ण. समोरासमोरच्या भिंती आणि कर्ण दोन्ही सारखे आले तर खोली गुण्यात आहे, कर्णांत इंचभराचा फरक आला तर गवंड्याला आधीच सांगा म्हणजे तो तिरकी कापलेली टाइल दाराच्या मागच्या कोपऱ्यात घेईल, नाहीतर ती रोज डोळ्यासमोर येते. कमोड, बेसिन, काच यांच्यासाठी सगळ्यात लहान माप धरायचं आणि टाइल्सच्या हिशोबाला सगळ्यात मोठं.

टेप स्टीलचा घ्या, शिवणकामाचा नको, तो ताणला जातो. आणि लिहिताना मिलिमीटरमधे लिहा. गवंडी इंच आणि सूत बोलतो, दुकानदार फूट बोलतो, कंपनीच्या कॅटलॉगमधे मिलिमीटर असतात, आणि या तीन भाषांत एका इंचाचे आठ सूत कुठेतरी हरवतातच.

आता खरं महत्त्वाचं माप, जे कोणीच पाठवत नाही, ते म्हणजे कमोडचं. तुमच्या कमोडचं आउटलेट खाली जमिनीत जातंय की मागे भिंतीत, हे आधी बघा. जमिनीत जात असेल तर तो एस-ट्रॅप, आणि तिथे मागच्या भिंतीच्या टाइलपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर लागतं. बाजारात यात ९ इंची आणि १२ इंची असे प्रकार मिळतात आणि चुकीचा आणला तर एकतर कमोड बसतच नाही किंवा मागे मोठी फट राहते. भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप, तिथे फरशीपासून पाइपच्या मध्याची उंची मोजायची, ती साधारण ७ इंच म्हणजे १८० मिलिमीटरच्या आसपास असते. आणि इथेच तुमचा टाइलवर टाइलचा बेत आड येऊ शकतो. टाइल ८-९ मिलिमीटर, खाली चिकटवायचा थर ३-४, म्हणजे फरशी जवळपास अर्धा इंच वर आली, पण भिंतीतला पाइप आहे तिथेच राहिला, मग तुमचं १८० चं १६८ झालं आणि नवा कमोड पाइपशी जुळत नाही. एस-ट्रॅपला तेच मागच्या भिंतीमुळे होतं, भिंत पुढे आली की अंतर तेवढं कमी. म्हणून भवानी पेठेत कमोड-बेसिन बघायला जाताना आजचं माप नेऊ नका, नवी टाइल लागल्यावर जे उरेल ते माप न्या.

रुंदीचंही तेच. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच गेला की चार फुटांचे ४७ इंच राहतात. कमोड भिंतीपासून साधारण २७ इंच पुढे येतो, म्हणजे तो रुंदीच्या दिशेने बसवला तर समोर जेमतेम २० इंच उरतात, गुडघे भिंतीला लागतात, वयस्कर माणूस असेल तर उठायला फार त्रास. शक्यतो लांबीच्या दिशेने बसवा आणि मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत, किंवा काच येणार असेल तर काचेपर्यंत, किमान १५ इंच सोडा.

टाइलवर टाइल करायचीच असेल तर आधी उंबऱ्यापाशी मोजा. बाथरूमची फरशी पॅसेजपेक्षा आत्ता किती खाली आहे? इंचभरच असेल तर त्यातला अर्धा गेला, पाणी बाहेर यायला वेळ लागणार नाही, शिवाय दार खालून कापावं लागेल आणि नहाणीची जाळी वर घ्यावी लागेल. जुन्या टाइल्सवर हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर त्यावर काही चिकटवू नका. आणि सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्यांकडे जाऊन त्यांचं छत बघून या. तिथे ओल असेल तर मी हात जोडून सांगते, तोडफोड वाचवू नका. कोबा, म्हणजे फरशीखालचा भराव, काढून स्लॅबपर्यंत वॉटरप्रूफिंग करावंच लागेल, वरून कितीही सुंदर टाइल लावली तरी पाणी खाली जातच राहणार.

टाइल्सचा हिशोब तुमच्या मापावर असा : चारही भिंती मिळून २१ फूट, उंची ७, म्हणजे १४७ चौरस फूट, त्यातून अडीच फुटी दार गेलं की १३० धरा, वर १० टक्के कापाकापीचे, झाले १४३. दुकानात जिला एक बाय दोन फूट म्हणतात ती असते ३०० बाय ६०० मिलिमीटर, दोन चौरस फुटांपेक्षा जरा कमीच, त्यामुळे ७४ लागतील. आडव्या लावल्या तर मधले सांधे धरूनही सात ओळी सात फुटांपर्यंत पोचत नाहीत, वर पाऊण इंचाची पट्टी उरते आणि ती कापून लावलेली फार वाईट दिसते. उंची सात फूट न सांगता ‘सात ओळी’ सांगा.

गीझरची जागा, बीमची खालची बाजू, खिडकी, नळाचे पॉइंट हे कागदावर ढोबळ काढून फोटोसकट पाठवा, कोटेशनला तेवढं पुरतं. पण काचेची ऑर्डर मात्र टाइल्स लागल्यावर, काचवाल्याने स्वतः येऊन माप घेतल्यावरच द्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही.