चिठ्ठी फ्रिजवर होती

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी ऑक्टोबरपासून एमएस्सीसाठी जर्मनीला जात आहे. हॉस्टेल मिळालं नाही म्हणून तिनं एका फ्लॅटमध्ये खोली घेतली आहे. चार खोल्यांत चौघं जण, त्यातले दोघे मुलगे. स्वयंपाकघर आणि बाथरूम सगळ्यांत एकच. तिच्या बाबांची झोप उडाली आहे. माझी काळजी वेगळी आहे. आमच्या बाईंना ताटात मासा नसला की घास उतरत नाही. तिथं कुणी वासावरून काही बोललं, तर ही उलट विचारणार नाही, गपचूप उपाशी राहील. बॅगेत तूप, दोन नारळ, सुकी सुंगटं (कोळंबी), मिक्सर, कुकर भरून ठेवलं आहे. यातलं काय नेऊ द्यावं?
– एक आई, फोंडा

उत्तर : आधी तिच्या बाबांची झोप परत आणूया. अशा घराला जर्मनीत ‘वे-गे’ म्हणतात आणि मुलगे-मुली एका वे-गेत राहतात याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. खोलीला स्वतःची किल्ली आहे ना, एवढं घरमालकाला विचारून घ्या. मी लायप्झिगला दोन वर्षं अशाच घरात काढली. त्यातल्या मुलग्यांबद्दल माझी तक्रार एकच. एक जण पावणेसातला बाथरूममध्ये शिरायचा तो सव्वासातला बाहेर यायचा, आणि माझी ट्राम सात वीसची.

तुमची काळजी मात्र खरी आहे. कारण गपचूप उपाशी राहिलेली ती मुलगी मीच.

पहिल्याच जानेवारीतली गोष्ट. बाहेर उणे आठ, घरची आठवण अनावर, म्हणून किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची कोशिंबीर, करायला घेतलं. तव्यावर सुंगटं भाजायला टाकली. थंडी आत येईल म्हणून खिडकी घट्ट लावलेली, पॅसेजकडचं दार मात्र सताड उघडं. पाच मिनिटांत पॅसेजमधला धुराचा अलार्म असा किंचाळला की चौघंही मोज्यांवर बाहेर. उंच मुलग्यानं स्टुलावर चढून तो बंद केला. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी फ्रिजवर चिठ्ठी. वर माझं नाव, खाली जर्मनमध्ये चार ओळी, दोन शब्दांखाली ठसठशीत रेघा. मला त्यातला ‘गेरूख’ म्हणजे वास, एवढा एकच शब्द ओळखता आला. तो पुरेसा होता.

तीन आठवडे मी खोलीचं दार लावून पाव आणि केळी खाल्ली. आईला फोनवर सांगायची, आज माशाचं हूमण केलं.

शेवटी चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीनंच दार वाजवलं. म्हणाली, “आजारी आहेस का? स्वयंपाकघरात दिसत नाहीस.” मी रडत रडत ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली. तिनं ती मला इंग्रजीत वाचून दाखवली. स्वयंपाक करताना खिडकी उघड आणि दार लाव, म्हणजे वास माझ्या खोलीत येणार नाही. धन्यवाद. रेघा मारलेले शब्द होते ‘खिडकी’ आणि ‘दार’. बस्स. मी त्या दोन रेघांत देश, रंग, जात सगळं वाचलं होतं. बाथरूमच्या जाळीत अडकलेल्या केसांबद्दल त्या मुलग्यालाही तिनं अशीच चिठ्ठी लिहिली होती. त्यानं केस काढले आणि विषय संपला.

सगळ्याच चिठ्ठ्या इतक्या निर्मळ असतात असं मी म्हणणार नाही. मुद्दाम टोमणे मारणारंही कुणी भेटू शकतं. तेव्हा सरळ घर बदलावं, आणि त्यासाठी करारात किती महिन्यांची नोटीस लिहिली आहे ते सही करण्याआधी वाचावं. पण आधी विचारावं, “म्हणजे नक्की काय?” हे वाक्य लेकीकडून जर्मनमध्ये घोकून घ्या.

खिडकीचं कौतुक ऐकून मलाही हसू यायचं. पण त्यात तथ्य आहे. भात-आमटीची वाफ थंड भिंतीवर बसते आणि तिथं बुरशी धरते, जुलैत आपल्या चपलांना धरते तशीच. मग घरमालक डिपॉझिटला हात घालतो. म्हणून भर हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या. जर्मन लोकांचं हे जवळजवळ धर्मकार्य आहे. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही. रविवारी तर काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकायच्या नाहीत, खळखळ होते म्हणून. (आपल्याकडेही दहाचा नियम आहे म्हणे. गोव्यात हणजूणच्या पार्ट्यांना जाऊन बघा.) पाण्याची प्लॅस्टिकची बाटली टाकून देऊ नये, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की 25 सेंट परत मिळतात.

पैशांचं थोडक्यात. रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला 18.36 युरो आहे आणि ती माणशी नसून घरटी असते. चौघांत वाटली की वाट्याला 4.59 येतात. आधीच कुणी भरत असेल, तर हिच्या नावानं वेगळं पत्र आलं तरी दुसऱ्यांदा भरू नये, घरातल्याचा या फीचा खातेक्रमांक कळवावा. आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो किल्लीबरोबरच मागून घ्यावा.

आता तुमची बॅग. तूप काढा. युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणजे पेढेही घरीच. पण नारळ चालतो आणि सुकी मासळीही चालते! मानकुराद आंबा चालत नाही, नारळ चालतो; नियम करणाऱ्यात कुणीतरी आपला असावा. मिक्सर तिथल्या विजेवर चालेल, फक्त पिनचा अडॅप्टर द्या. कुकरचं आधी शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, तळ इंडक्शनचा हवा. आणि पहिली शिट्टी होण्याआधी घरातल्यांना सांगून ठेवायला सांगा.

सुंगटं तीन पिशव्यांत बांधा आणि कपड्यांपासून लांब ठेवा. माझा एकुलता एक चांगला स्वेटर मार्चपर्यंत घालण्याजोगा नव्हता, आणि त्याबद्दल मात्र फ्रिजवर कुणीच काही लिहिलं नाही.