जुनी कावीळ की जुनाट सूज?

प्रश्न असा आहे की आईच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक हिपॅटायटिस सी, व्हिटॅमिन डी कमी, पीटीएच (म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोन) जास्त' आलंय, ते आजीला मराठीत कसं सांगायचं, 'जुनी कावीळ' चालेल का, आणि पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईडच ना?

'जुनी कावीळ' नका म्हणू. जुनी म्हटलं की आजीला वाटणार कधीतरी झाली होती, गेली. इथे हवं 'जुनाट', जुनाट खोकला म्हणतो ना तसं, ठाण मांडून बसलेलं, डॉक्टर सहा महिन्यांच्या वर टिकलं की क्रॉनिक म्हणतात. आणि कावीळ पण नको, कारण कावीळ हे लक्षण, डोळे पिवळे होणं, आणि हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात असूनही डोळे पांढरेच राहू शकतात. पुस्तकी शब्द यकृतदाह, पण 'सी विषाणूमुळे लिव्हरला आलेली जुनाट सूज' म्हणा, झालं. (हा विषाणू 1989 मध्ये सापडला, तोवर या आजाराला धड नावच नव्हतं, 'नॉन-ए नॉन-बी' म्हणायचे, म्हणजे हाही नाही नि तोही नाही! आणि गंमत बघा, व्हिटॅमिन सी-डी चं आपण क-ड केलं, हिपॅटायटिसला मात्र बोलताना सहसा कोणी 'क' लावत नाही.)

व्हिटॅमिन डी म्हणजे ड जीवनसत्त्व, 'सत्त्व' मध्ये दोन त, एवढं प्लीज.

पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईड नाही. थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी, बहुतेकांना चार असतात, आणि काम एकदम वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. मराठीत थायरॉईड अवटू आणि ही परावटू, विश्वकोशात पण तेच आहे. मला हा शब्द फारसा पटत नाही, कारण ग्रीक 'पॅरा' म्हणजे शेजारी आणि आपला 'परा' पराजय, परावर्तन मधला, नुसता कानाला जुळला म्हणून घेतल्यासारखा वाटतो. त्यात अमरकोशात अवटु म्हणजे मानेची मागची बाजू, नि थायरॉईड बसलीय समोर! तेव्हा आजीसाठी 'थायरॉईडची शेजारीण' म्हणा, संप्रेरक वगैरे पण नको, हार्मोन कळतं तिला.

आता तिन्ही गोष्टी जोडायच्या तर असं, उन्हातून मिळालेल्या ड वर पहिली प्रक्रिया लिव्हरमध्ये होते मग किडनीत, ड कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, मग ही शेजारीण जास्त हार्मोन सोडून हाडांतलं कॅल्शियम ओढून आणते. आईच्या बाबतीत ड लिव्हरमुळेच कमी झालं की नुसतं ऊन न मिळाल्यामुळे, ते डॉक्टरांनाच विचारा. आजीला एवढंच सांगा, 'कॅल्शियम कमी पडतंय म्हणून शेजारीण हाडांकडे उसनं मागायला लागलीय.'