ल्युकनचं महाकाव्य पहिल्यांदा हाती घेताना

ल्युकन हा पहिल्या शतकातला रोमन कवी, आणि त्याचं हे लॅटिन महाकाव्य सीझर आणि पॉम्पी या दोन रोमन सेनानींमधल्या यादवी युद्धाचं. ते पहिल्यापासून सलग वाचायचा हट्ट धरू नका. दहा सर्ग, आठ हजारांवर ओळी. नावांच्या गर्दीत नवखा वाचक तिसऱ्या सर्गातच थकतो. आधी एवढंच पक्कं करा: सीझर सासरा, पॉम्पी जावई. ज्युलिया, म्हणजे सीझरची मुलगी आणि पॉम्पीची बायको, वारली आणि दोघांना बांधणारा धागा तुटला. पहिल्याच ओळीत कवी या युद्धाला यादवीहूनही वाईट म्हणतो, ते या नात्यामुळे.

मग पहिला सर्ग सावकाश वाचा. पॉम्पी म्हणजे मुळं सुटलेला जुना ओक, सीझर म्हणजे वीज. या दोन उपमा मनात धरल्या की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. (तिथली रोमन सम्राट नीरोची स्तुती मनापासूनची की उपरोधाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. तुम्ही तिथे अडकू नका.)

तिथून थेट सातवा सर्ग: इ. स. पू. ४८, ग्रीसमधल्या फार्सालसची लढाई, जिथे सीझरने पॉम्पीला हरवलं. ऐन कत्तलीत कवी थांबतो आणि रोमलाच सांगतो की तू इथे जे केलंस त्याबद्दल मी गप्प राहीन. मला हा अख्ख्या काव्याचा गाभा वाटतो. इथे माणसांना वाचवायला कुठलाही देव रणात उतरत नाही.

एरिक्थो चेटकीण आणि लिबियातले साप नंतर वाचा, पण वाचाच.

दहावा सर्ग अलेक्झांड्रियात मध्येच तुटतो. तुमच्या प्रतीची पानं गहाळ झालेली नाहीत. नीरोविरुद्धच्या कटात सापडलेल्या ल्युकनला इ. स. ६५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या.