मननाला वेळच मिळत नाही

प्रश्न : मी वडगाव शेरीत राहते आणि हडपसरला नोकरी करते. सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. लग्नापूर्वी पहाटे पवित्र शास्त्र वाचून मनन करण्याचा माझा नेम होता. तो आता पार मोडला आहे. परवा सासऱ्यांनी चौथ्यांदा चहा मागितला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेताना माझा हात थरथरला. माझी आत्मिक वाढ खुंटली आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नेम मोडला म्हणजे प्रभूशी असलेले नातेही मोडले, असे आपण धरून चालला आहात. मला ते पटत नाही. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेली या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघर सांभाळत. त्या कामाचा त्यांना उपजतच तिटकारा होता, हे त्यांचा दाखला देणारे बहुधा सांगत नाहीत. तरीही तव्यावरचे ऑम्लेट उलटताना ते देवाच्या प्रीतीखातर उलटायचे, मधूनमधून देवाशी दोन शब्द बोलायचे आणि लक्ष उडाले तर स्वतःला दोष देत न बसता पुन्हा त्याच्याकडे वळायचे, एवढीच त्यांची रीत होती. सासऱ्यांची चादर बदलताना आपल्यालाही एका वाक्याची प्रार्थना करता येईल. त्यासाठी डोळे मिटावे लागत नाहीत.

आपला हात थरथरला, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. प्रभूच्या ज्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून आपण प्रभुभोजन घेतो, तो प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातही आहे, पण इतर तीन शुभवर्तमानांत भाकर व प्याला देण्याचे जे वर्णन येते, ते तेथे नाही. तेथे प्रभू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसतो. अशी सेवा आपण घरी रोज करत आहात. ओरडल्याबद्दल सासऱ्यांची क्षमा मात्र मागावी, आणि ती चहा देतानाच मागावी.

अर्थात, काम हीच प्रार्थना असे म्हणून प्रार्थनेला कायमची सुट्टी देणेही बरे नव्हे. रामवाडीला ज्यांचे ज्ञानदीप विद्यापीठ आहे, त्या येशूसंघाचे (जेज्युइट या कॅथलिक संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिवसाची उजळणी करण्याची एक पद्धत घालून दिली आहे : प्रथम देवाचे उपकार आठवावेत, मग आपल्या चुका दिसाव्यात म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागावा, दिवस तासातासाने तपासावा, चुकले असेल त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी निश्चय करावा. आपण प्रॉटेस्टंट असलात तरी बिचकण्याचे कारण नाही. परतीच्या बसमध्ये, उभ्याने प्रवास करतानाही हे जमते.

आणखी एक. आपल्या पत्रात यजमानांचा कोठेही उल्लेख नाही. ते घरी असतील तर सकाळचा पहिला चहा वडिलांना त्यांनी द्यावा, आणि त्या पंधरा मिनिटांत आपण पाय धुण्याचा तो प्रसंग, म्हणजे योहानाचा १३ वा अध्याय, काढून बसावे.