चेरी कोळंबीची टाकी: उंच नको, पसरट घ्या

प्रश्न (कासारवडवली, ठाणे): पालेभाजीला जोडधंदा म्हणून ओसरीत शोभेच्या चेरी कोळंबीची पैदास करायची आहे. दुकानदाराने दोन टाक्या दाखवल्या: एक फुटाची चौकोनी आणि दोन फूट उंचीची उभी. कोणती घेऊ? त्यातच खायची मोठी कोळंबीही वाढेल का?

उत्तर: दोन्ही नकोत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी साधी टाकी घ्या. तिच्यात साधारण ५० लिटर पाणी राहतं. कोळंबी पोहण्यापेक्षा तळावर, शेवाळावर चरत फिरते, त्यामुळे तिला उंचीचा उपयोग नाही. हवाही पृष्ठभागातूनच मिसळते. चौकोनी टाकीत जेमतेम २५ लिटर पाणी मावतं, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ते झपाट्याने तापतं. चेरीला २० ते २६ अंश मानवतं. तिशी ओलांडली की पैदास मंदावते, मरही लागते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टाकी नकोच. पाण्यावर छोटा पंखा सोडलात तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. त्याने आटलेलं पाणी भरून काढायला मात्र आरओचं वापरा, नाहीतर क्षार वाढत जातात. वाळूसकट वजन पाऊणशे किलोच्या घरात जाईल, तेव्हा स्टँड मजबूत बघा.

दिव्यांवर पैसे घालू नका. एअरपंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. मोटारवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो, स्पंजवर तीच पिल्लं चरतात. मूठभर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं हिरवं रोप) टाका.

आता घाई कुठे होते ते सांगतो. नळाचं पाणी भरून दुसऱ्याच दिवशी कोळंबी सोडली जाते आणि आठवड्यात टाकी रिकामी! अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घालून फिल्टर चार ते सहा आठवडे चालू ठेवा, थोडं खाद्य टाकत राहा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. घाणीतून होणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक चाचणीत शून्यावर आल्यावरच १०-१५ नग सोडा. मादी पोटाखाली २०-३० अंडी महिनाभर वागवते आणि पिल्लं थेट छोट्या कोळंबीच्याच रूपात बाहेर येतात. एका टाकीत एकच रंग ठेवा. लाल-निळी एकत्र केलीत तर पुढची पिढी मातकट निघते, तिला भाव नाही.

खायची मोठी कोळंबी, म्हणजे स्कॅम्पी, यात नको. तिच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं, आणि मोठी झाली की ती चेरीच फस्त करील.

तुम्ही पालेभाजीवर औषध मारता, म्हणून एक मुद्दाम सांगतो. फवारणीचा हात, बादली, मग्गा टाकीला लागू देऊ नका. तांबं असलेली बुरशीनाशकं कोळंबीला विषच. पावसाळ्यात डासांच्या धुराची गाडी गल्लीत शिरली तर एअरपंप बंद करून टाकी प्लास्टिकने झाका, आणि धूर पुरता ओसरल्यावर पंप आठवणीने पुन्हा चालू करा.