कॉलेजात गांजाविरोधी मोहीम करायची आहे. ती कशी आखावी आणि उपयोग झाला हे कसं कळेल?

आधी ते कवटीचं पोस्टर बाजूला ठेवा. नागपुरात मी एका कॉलेजबाहेर पाहिलंय, कवटीखालीच चहाची टपरी आणि पोट्टे कवटीसोबत सेल्फी काढताहेत.

अमेरिकेत १९९८पासून तरुणांसाठी मोठी जाहिरात मोहीम चालली, खर्च १ अब्ज डॉलरच्या वर. २००६च्या सरकारी लेखापरीक्षणात निष्कर्ष आला की सेवन कमी झालंच नाही. उलट काही मुलांना वाटू लागलं की ‘सगळेच ओढतात’. म्हणून ‘तरुणाई व्यसनाच्या विळख्यात’ असली वाक्यं टाळा.

मुलं हमखास विचारतील, ‘शिवरात्रीला भांग चालते, मग गांजा का नाही?’ उत्तर तयार ठेवा. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. भांग ज्यांची करतात ती नुसती पानं त्यात येत नाहीत. पण कायदा वेगळा, मेंदू वेगळा. कमी वयात रोजचं सेवन, स्मरणशक्ती, मानसिक आजाराचा धोका, ओढून गाडी चालवणं, एवढंच खरंखरं सांगा. मदतीसाठी १४४४६ हा नंबर द्या.

मोजमापाचं म्हणाल तर हजेरी आणि टाळ्या मोजू नका. सारखीच दोन कॉलेजं घ्या, एकात आत्ता, दुसऱ्यात सहा महिन्यांनी मोहीम करा. दोन्हीकडे पहिल्या मोहिमेच्या आधी आणि नंतर (दुसरीकडची मोहीम सुरू होण्यापूर्वीच) तीच निनावी प्रश्नावली द्या: गेल्या ३० दिवसांत किती वेळा ओढला? पहिल्या कॉलेजात आकडा दुसऱ्यापेक्षा जास्त उतरला, तर उपयोग झाला. नाव, रोल नंबर काही नको, आणि कागद गोळा करायला सर तर मुळीच नकोत.