शिक्का, मोर्तब आणि सही

प्रश्न आला तो असा: 'राजेराण्यांच्या सहीचे जुने कागद जमवतो. वहीत नोंद करताना मराठेशाहीतल्या पत्रापुढे "स्वाक्षरी" लिहू की "शिक्कामोर्तब"? की दोन्ही एकच?'

एकच नाहीत. मराठेशाहीच्या कागदापुढे तर डोळे झाकून 'स्वाक्षरी' लिहूच नका. मजकूर लिहायचा कारकून, आणि कागद अस्सल ठरायचा तो शिक्क्यामोर्तबावर. त्यातही शिक्का वेगळा, मोर्तब वेगळं. शिवाजी महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा, म्हणजेच शिक्का, पत्राच्या माथ्याशी, तर 'मर्यादेयं विराजते' हे लहानसं मोर्तब मजकूर संपतो तिथे. मर्यादा म्हणजे हद्द. तिच्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. पेशवाईतल्या मोर्तबावर तर सरळ 'लेखनसीमा'. 'मोर्तब' हा शब्द अरबी 'मुरत्तब'वरून आला, म्हणजे नीट लावून सिद्ध केलेलं. म्हणून बातमीत 'अखेरचं शिक्कामोर्तब' वाचलं की हसू येतं; अखेर मोर्तबातच आहे की!

'सही' हीदेखील अरबी, 'सहीह' म्हणजे बरोबर. तिच्यात मुळात नाव नाही, हात नाही, फक्त 'ठीक आहे' एवढा होकार. हात आहे तो 'दस्तखत'मध्ये: फारसी दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिहिणं. आपल्याकडे तोच अर्थ 'स्वहस्त'मध्ये होता. हर्षवर्धनाच्या इ.स. ६२८च्या बांसखेडा ताम्रपटाच्या शेवटी, बाकीच्या मजकुरापेक्षा कितीतरी नटव्या अक्षरांत, 'स्वहस्तो मम महाराजाधिराजश्रीहर्षस्य' असं कोरलंय. तांब्यावर कोरणारा कारागीर, पण वळणं राजाची!

मराठ्यांतही अपवाद आहे. संभाजी महाराजांच्या २४ ऑगस्ट १६८०च्या संस्कृत दानपत्रावर 'मतं मे श्रीशिवराजपुत्रस्य' अशी सुरुवात असलेली ओळ आहे, ती त्यांच्या हातची मानतात. 'वर लिहिलंय ते मला मान्य' असा तिचा अर्थ. गंमत म्हणजे हा साचा याज्ञवल्क्यस्मृती या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथातला, आणि तिथे तो सांगितलाय कर्जरोख्यावर स्वहस्ते लिहिणाऱ्या ऋणकोसाठी! अशा कागदापुढे 'स्वहस्ताक्षर' खुशाल लिहा.

बाकीच्यांसाठी वहीत शिक्का आणि मोर्तब असे दोन रकाने पाडा. जुन्या पत्राचा खालचा तुकडा बरेचदा फाटून गेलेला असतो. तिथे 'शिक्का आहे, मोर्तब नाही' हीच खरी नोंद.